राखेतला पाव आणि चिखलातलं पत्र

गेल्या अंकात मी एका रोमन दिव्याबद्दल लिहिलं होतं. मातीचा, साच्यातून काढलेला, तळाशी कारखान्याचं नाव उठवलेला, आणि तोंडाशी वातीची काजळी अजून तशीच धरलेला. ती काजळी कधीही पुसायची नाही, असं मी हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला सांगत आले, हेही त्यात होतं. संग्रहालयाच्या जतनशाळेत सव्वीस वर्षं काम केल्यावर काजळीही दिव्याइतकीच मोलाची वाटू लागते. त्या लेखावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून काहींना इथे उत्तरं देते.

पॉम्पेईतला दोन हजार वर्षांपूर्वीचा पाव संग्रहालयात ठेवला आहे, असं वाचलं. आमच्याकडे पावाला चार दिवसांत बुरशी येते. वर्गातली मुलं विचारतात, बाई, हे खरं का? काय सांगू?
(एक शिक्षिका, सोलापूर)

खरं आहे म्हणून सांगा. आणि लोणारी कोळसा कसा पाडतात ते मुलांना आधी सांगा. लाकडं रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची, आत हवा जाईल अशी फट ठेवायची नाही, आणि धग देत राहायचं. हवा नसली की लाकूड पेटून राख होत नाही, आतल्या आत करपत जातं. शेवटी जो कोळसा निघतो त्यात लाकडाच्या गाठी, रेषा, वर्तुळं सगळं जसंच्या तसं असतं. अशा कोळशाला वाळवी लागत नाही, बुरशी धरत नाही.

इ.स. ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसूव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा आसपासच्या गावांत नेमकं हेच घडलं. पॉम्पेईवर चार ते सहा मीटर जाडीचा राखेचा आणि हलक्या दगडांचा थर बसला. शेजारचं हर्क्युलेनियम तर वीसेक मीटर खाली गेलं. तिथे तापलेल्या वायूची आणि राखेची लाट इतक्या वेगाने आली, की वस्तूंना पेट घ्यायला हवाच उरली नाही. म्हणून तिथे लाकडी पलंग सापडतात, दारं सापडतात, पाळणा सापडतो. सगळं काळं ठिक्कर पडलेलं, पण आकार शाबूत.

पॉम्पेईत १८६२ मध्ये एका भटारखान्याची भट्टी उघडली तेव्हा आत एक्क्याऐंशी पाव होते. भाजायला घातले आणि काढायला कुणी आलंच नाही. तिथल्या भटारखान्यांच्या अंगणात काळ्या ज्वालामुखी दगडाची कमरेएवढी जाती उभी दिसतात. ती गाढवांना जुंपून फिरवत.

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात त्या पावांसमोर मी किती वेळ उभी होते, ते माझ्या भाचीला विचारा. पाव गोल, भाकरीएवढा, पण चांगला फुगलेला. वरून आठ चिरा दिलेल्या, म्हणजे हाताने तोडला की सारखे आठ तुकडे पडावेत. कडेला एक खाच असते, भाजण्याआधी दोरी गुंडाळलेली असावी तशी. हर्क्युलेनियमच्या एका पावावर तर शिक्का आहे: क्विंटस ग्रानिउस वेरुस याचा गुलाम केलेर, त्याचा हा पाव. घरात मळलेली कणीक भट्टीवाल्याकडे भाजायला देत असावेत आणि आपला पाव दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून असे शिक्के मारत असावेत.

हे वाचून मला माझ्या लहानपणची दिवाळी आठवली. आई नानकटाईचं सामान मोजून देई आणि मी व भाऊ ते घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचो. पत्र्याच्या ट्रेला नावाची चिठ्ठी लावलेली असायची, आणि ट्रे परत मिळाला की आई आधी चिठ्ठी बघायची. केलेरचा शिक्का म्हणजे ती चिठ्ठीच. तुमच्या मुलांच्या आजी-आजोबांना विचारायला सांगा, बऱ्याच घरांत ही आठवण निघेल.

आमच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. ती खरंच रोमन काळातली आहे का? आणि ती कोल्हापूरला कशी आली? मित्र म्हणतात, कुणा संस्थानिकाने विकत आणली असेल.
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

तुझे मित्र चुकले याचा मला मनापासून आनंद आहे! ती मूर्ती कुणी बाजारातून आणलेली नाही, तुझ्याच गावच्या जमिनीतून निघालेली आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे ना, तिथे १९४०च्या दशकाच्या मध्यात खोदकाम झालं. तिथे ब्राँझच्या वस्तूंचा एक साठाच मिळाला. ही मूर्ती त्यातली, आणि तिच्यासोबत भूमध्य समुद्राकडच्या घडणीचा एक सुरेख जगही. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातली विटांची घरं उजेडात आणली.

म्हणून पुढच्या वेळी मूर्ती बघशील तेव्हा नुसता चेहरा बघून पुढे जाऊ नकोस. हा समुद्राचा देव. ग्रीकांचा पोसायडन, रोमनांचा नेपच्यून. समुद्र ओलांडून, घाट चढून आला आणि नदीकाठच्या घरात राहिला. ज्याच्या घरात तो होता त्याने त्याला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हा विचार मी कितीदा केला आहे.

आता कसा आला ते. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने आपल्या फेऱ्यांची टिपणं लिहून ठेवली. त्यांना 'पेरिप्लस' म्हणतात. ती वाचताना आपल्या ओळखीची गावं भेटत जातात. बारिगाझा म्हणजे भडोच. सोपारा, कल्याण, चौल. आणि आत देशावर पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तो लिहितो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीक येतो, तगरहून कापड येतं, आणि सगळं गाड्यांवर लादून रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर न्यावं लागतं. बदल्यात इथे काय खपतं तेही लिहिलं आहे: दारू (इटलीची असली तर उत्तम), तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. राजासाठी चांदीची भांडीही. व्यापाऱ्याच्या वहीसारखं कोरडं लिखाण, पण मला ते फार प्रिय आहे. त्या गाड्यांच्या चाकांचा आवाज त्यात ऐकू येतो.

जहाजं इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जुलैच्या सुमारास निघत आणि पावसाळी वाऱ्यावर स्वार होऊन आपल्या किनाऱ्याला लागत. त्यांपैकी बेरेनिके नावाच्या बंदरात उत्खनन झालं तेव्हा देवळाच्या आवारात एक भारतीय घडणीचा रांजण पुरलेला मिळाला. त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. भारतातून येणाऱ्या मालासाठी साम्राज्याची दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स नाणी बाहेर जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने त्याच शतकात लिहून ठेवली आहे.

माल आला तसा त्याचा शौकही आला. तेरसारख्या ठिकाणी मातीची छोटी पदकं सापडतात. त्यांवर रोमन नाण्याचा छाप, सम्राटाच्या डोक्याची नक्कल, आणि दोऱ्यात ओवायला सोय. आपल्या बायका पुतळ्यांची माळ घालतात, तीही नाण्यासारख्या चकत्यांचीच. तेव्हाच्या ज्या बाईला सोन्याचं नाणं परवडत नव्हतं, तिने मातीचं गळ्यात घातलं. ही पदकं मला सोन्याच्या नाण्यांपेक्षा जास्त आवडतात, कारण सोनं फक्त व्यापाराची गोष्ट सांगतं. मातीच्या पदकातून कुणाला तरी काहीतरी हवंसं वाटलं होतं, हे कळतं.

आणि इथून तिकडे काय गेलं? मिरी, कापड, अकीक यांचा मागमूस फारसा उरत नाही. पण १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका मोठ्या रस्त्यावरच्या घरात पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पाव मीटरभर उंच. कमरेला मेखला, हातापायांत भरगच्च कडी, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. डोक्यातून खाली उभं छिद्र आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय. शोधणाऱ्यांनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बहुतेक अभ्यासक आज तिला यक्षी मानतात आणि मलाही तेच पटतं.

तिच्या जवळच्या बहिणी शोधायच्या तर जालना जिल्ह्यातलं भोकरदन आणि तेर या दोन गावांतल्या हस्तिदंती मूर्तींकडे यावं लागतं. तेरची मूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहातली आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं गावच्या पांढरीतून वस्तू गोळा केल्या, म्हणून ती आज आपल्याला बघायला मिळते. मात्र पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच कोरली असं छातीठोकपणे म्हणू नकोस. तिच्या तळावर खरोष्ठी लिपीची खूण आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणजे मूर्ती उत्तरेकडे घडली असेल, किंवा उत्तरेकडच्या कारागिरांच्या हातून गेली असेल. मराठी माणसाला 'ती आमचीच' म्हणायचा मोह होतो. मलाही होतो. पण वस्तू जेवढं सांगते तेवढंच आपण बोलावं.

नेपल्सला जायचं तेव्हा जा. पण त्याआधी एस.टी.ने तेरला जाऊन ये.

संग्रहालयात गेलं की कपाटंच्या कपाटं फुटक्या खापरांची. चांगल्या वस्तू नाहीत म्हणून ही ठेवतात का? आणि या वस्तू बनवणाऱ्या माणसांबद्दल कुठे काहीच का लिहीत नाहीत?
(दोन पत्रांतून, नाशिक आणि बेळगाव)

खापरांबद्दल मी भांडायलाच बसले आहे असं समजा.

सोन्याचं काय होतं? वितळवतात. चांदीचंही तेच. ब्राँझचा पुतळा म्हणजे पुढच्या शतकातली तोफ किंवा घंटा. संगमरवर भट्टीत घातला की त्याचा चुना होतो, आणि रोममध्ये कित्येक शतकं पुतळे फोडून चुनाभट्ट्या पेटत होत्या. जे जे मोलाचं, ते ते माणसाने पुन्हा वापरलं. फुटकं मडकं मात्र कुणाच्याच कामाचं नाही. ते वितळत नाही, कुजत नाही, कुणी चोरत नाही. म्हणून ते उरतं, आणि खरं बोलतं.

रोममध्ये टायबर नदीच्या जवळ एक टेकडी आहे, मोंते तेस्ताच्चो. सुमारे पस्तीस मीटर उंच. वर गवत, झाडं. लांबून कुणालाही ती साधी टेकडी वाटेल. ती सगळी खापरांची आहे. दक्षिण स्पेनहून आणि उत्तर आफ्रिकेहून ऑलिव्हचं तेल मोठ्या दोनकानी रांजणांतून बंदरावर यायचं. एका स्पॅनिश रांजणात सत्तर लिटरच्या आसपास तेल मावायचं. तेल दुसऱ्या भांड्यात ओतलं की रांजण निरुपयोगी, कारण माती तेल पिते आणि मग त्याला खवट वास येतो. म्हणून ते फोडून रचत जायचे, पायऱ्यापायऱ्यांनी, आणि वास मारायला वर चुना टाकायचे. पाच कोटींच्या आसपास रांजण त्या टेकडीत आहेत असा अंदाज करतात. आपल्याकडे उकिरडा म्हणून नाक मुरडतील, पण तो साम्राज्याच्या तेलाचा जमाखर्च आहे. कित्येक खापरांवर शाईने लिहिलेलं आजही वाचता येतं: रिकाम्या रांजणाचं वजन, तेलाचं वजन, पाठवणाऱ्याचं नाव, वर्ष. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकांनी ते बसून वाचून काढलं. त्यांनी रांजणांची जी वर्गवारी केली तिचे क्रमांक आम्ही आजही वापरतो.

आता बनवणारी माणसं. बेळगावच्या काकांनी हा प्रश्न विचारला, बरं केलं. लाल चकचकीत रोमन ताटल्यांच्या तळाशी कुंभारांची नावं उठवलेली असतात, त्यांतली कित्येक गुलामांची. विटांवर आणि कौलांवर, वाळत घातलेल्या ओल्या मातीवरून चालत गेलेल्या कुत्र्याच्या पंजाचे ठसे असतात, कधी लहान मुलाच्या पावलाचे. मी स्वतः एका खापराच्या आतल्या अंगावर कुंभाराच्या बोटांच्या वळ्या मोजल्या आहेत. त्यांत माझं बोट बसत नव्हतं. तो हात माझ्यापेक्षा लहान होता.

आणि एक वस्तू आहे जिच्याबद्दल लिहायला मला नेहमी जड जातं. रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक लोखंडी कडं आहे, माणसाच्या गळ्यात बसवायचं. त्याला ब्राँझची चकती लटकवलेली. तिच्यावर लिहिलं आहे: मी पळालो आहे, मला धर. माझा मालक झोनिनस याच्याकडे मला परत नेलंस तर तुला एक सोन्याचं नाणं मिळेल. 'मी' असं लिहिलं आहे, पण ते शब्द त्या माणसाचे नाहीत. मालकाने ते त्याच्या गळ्याला बांधले. मालकाचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याचं नाही. संगमरवरी दालनातून फिरून आल्यावर या कड्यासमोर उभं राहिलं पाहिजे, असं मला फार वाटतं. तो संगमरवर खाणीतून कुणी काढला, ते हे कडं सांगतं.

मी इंटरनेटवर एक 'रोमन अश्रुकुपी' विकत घेण्याच्या विचारात आहे. हिरवट काच, वर इंद्रधनुष्यासारखी झाक. मेलेल्या माणसासाठी रडताना लोक त्यात आसवं गोळा करत, असं विक्रेता सांगतो. खरी कशी ओळखू?
(एक वाचक, ठाणे)

विकत घेऊ नका. हे आधी सांगते, बाकी नंतर.

आसवांची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण ती अलीकडच्या काळातल्या संग्राहकांनी रचलेली आहे. या बारीक मानेच्या कुप्या थडग्यांत सापडत, म्हणून त्यांना ते नाव पडलं. त्यांत सुगंधी तेल असे, मलम असे. अत्तराची कुपीच ती. मृताला तेल लावून ती कुपी शेजारी ठेवत. कुपीच्या आत चिकटलेल्या अंशांची तपासणी केली की तेल निघतं. काचेची खरी गोष्ट आसवांपेक्षा कमी सुंदर नाही. इ.स.पू. पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याकडे कुणीतरी पोकळ नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकर मारली. त्याआधी काचेचं भांडं म्हणजे साच्यात ओतून किंवा गाभ्याभोवती गुंडाळून बनवायची महागडी चैन होती. फुंकणी आली आणि शे-दीडशे वर्षांत काचेचा पेला सामान्य माणसाच्या हातात आला. फुटलेली काच पुन्हा वितळवत. रोमच्या रस्त्यांवर फुटक्या काचेच्या बदल्यात गंधकाच्या काड्या देणारे फेरीवाले फिरत. आपल्याकडची जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आठवा, तसंच.

ती इंद्रधनुषी झाक मुळात नव्हती. जमिनीतल्या ओलाव्याने काचेतला क्षार वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातो, वरती पातळ पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यावर प्रकाश फाकतो. नकली माल करणारे हे रसायनाने काही दिवसांत करतात. खरे पापुद्रे नखाने निघतात, खोटे रंगासारखे बसलेले असतात. पण मी तुम्हाला नखाची परीक्षा शिकवून खरेदीला पाठवणार नाही. कुपी खोटी निघाली तर तुमचे पैसे गेले. खरी निघाली तर बहुधा कुणीतरी रात्री थडगं फोडून ती काढली असणार. ती कोणत्या थडग्यातली, शेजारी काय होतं, पुरलेली बाई होती की मूल, हे सगळं कायमचं पुसलं गेलं. सापडल्याची जागा गेली की वस्तू अर्धी मेली.

माझ्या नोकरीच्या काळात एक सद्गृहस्थ अशाच तीन कुप्या घेऊन आले होते. तिन्ही खऱ्या होत्या. कुठल्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी त्या स्वच्छ केल्या, नोंद केली, आणि नोंदवहीत 'प्राप्तिस्थान' या रकान्यात रेघ मारली. ती रेघ मला अजून खुपते.

शिवाय कायदाही लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंवर आपल्याकडे १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या पैशांत मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घरच्यांना घेऊन जा, पुस्तकं घ्या. आणि काच आवडतच असेल तर फिरोजाबादच्या एखाद्या कारागिराकडून नवी कुपी फुंकवून घ्या. त्याच्या फुंकरीत आणि त्या जुन्या फुंकरीत फरक नाही.

रोमन पुतळे पांढरेशुभ्रच असत का?
(पुणे)

नाही. रंगवलेले असत. ओठ लाल, केस तपकिरी किंवा सोनेरी, कपड्याला निळी-तांबडी किनार. १८६३ मध्ये सापडलेल्या सम्राट ऑगस्टसच्या प्रसिद्ध पुतळ्यावरही रंगाचे अंश होते. पुतळे शतकानुशतकं उन्हापावसात आणि मातीत राहून रंग गेला, आणि पुढच्या लोकांनी पांढऱ्यालाच सौंदर्य ठरवलं. काही ठिकाणी तर सफाई करताना उरलेसुरले कणही घासून काढले गेले, हे माझ्या व्यवसायाचं पाप आहे. गणपतीच्या मूर्तीची डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती पुरी झाली असं आपण म्हणत नाही. रोमन माणूसही म्हणाला नसता. ब्राँझचे मोठे पुतळे तर फारच थोडे उरले. घोड्यावरचा सम्राट मार्कस ऑरेलियस वाचला, कारण मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते.

रोमन मुलींकडे बाहुल्या होत्या का? मी सातवीत आहे.
(नागपूर)

होत्या गं! चिंध्या भरलेली कापडी बाहुलीसुद्धा उरली आहे, इजिप्तच्या कोरड्या वाळूमुळे. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचा चेहरा आता जवळजवळ गेला आहे, पण तिला बघितलं की कुणाच्या तरी आजीने शिवली असेल, असं वाटतंच.

सगळ्यांत सुंदर बाहुली मात्र रोममध्ये सापडली. १८८९ मध्ये नदीकाठी न्यायालयाची मोठी इमारत बांधायला पाया खणत होते. तिथे एक दगडी शवपेटी लागली. वर नाव: क्रेपेरेइया त्रिफाइना. पेटीत पाणी भरलेलं होतं. झाकण उघडल्यावर बघणाऱ्यांना वाटलं, पाण्यात लांब केस तरंगताहेत. ते केस नव्हते, पाण्यात वाढलेलं शेवाळासारखं गवत होतं. मुलगी तरुण होती, लग्नाच्या वयाची. तिच्या शेजारी हस्तिदंती बाहुली. वीतभर उंच, खांदे, कोपर, कंबर, गुडघे सगळे सांधे हलणारे, केसांची रचना त्या काळच्या राणीसारखी. बाहुलीसाठी वेगळी इवलीशी पेटी, इवले आरसे, फण्या. आणि बाहुलीच्या बोटात अंगठी, जिला एक किल्ली जोडलेली. रोमन मुली लग्नाआधी आपल्या बाहुल्या देवीला वाहत. त्रिफाइनाची बाहुली तिच्याजवळच राहिली, म्हणजे ती वाहायची वेळ आली नाही.

तुला आवडतील असे खेळही सांगते. अक्रोड मांडून दुसऱ्या अक्रोडाने उडवायचे, आपल्या गोट्यांसारखं. मोठं होण्याला ते 'अक्रोड सोडणं' म्हणत. मेंढीच्या घोट्याची हाडं फाशांसारखी टाकायचे. चार हाडं टाकली आणि चारांवर चार वेगवेगळ्या बाजू आल्या, तर तो सगळ्यांत भारी डाव. त्याला व्हीनसचा डाव म्हणत.

तुम्हाला एकच रोमन वस्तू पुन्हा बघायला मिळणार असेल, तर कोणती बघाल?
(एक वाचक, बडोदे)

पाव नाही, बाहुली नाही, पोसायडनही नाही. एक पत्र.

इंग्लंडच्या उत्तरेला विंदोलांडा नावाची रोमन छावणी होती. तिथली जमीन इतकी ओली आणि घट्ट, की खालच्या थरांत हवा पोचतच नाही. पॉम्पेईत जे आगीने केलं ते इथे चिखलाने केलं. तिथे हजारो चामडी जोडे निघाले, अगदी तान्ह्या मुलांचेसुद्धा. सैनिकांच्या छावणीत बायकामुलं राहत होती, हे त्या जोड्यांनी ठामपणे सांगितलं. आणि १९७३पासून लाकडाचे पातळ पापुद्रे मिळू लागले, पोस्टकार्डाएवढे, शाईने लिहिलेले. पहिले हाती आले तेव्हा रंधा मारल्यावर पडतो तसला भुसा वाटला होता. अक्षर डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त प्रकाशात फोटो काढला की उमटतं. कुणीतरी सैनिकाला पायमोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचं लिहितं. कुणी पैशाचा तगादा लावतं.

त्यातलं एक पत्र इ.स. १००च्या सुमाराचं आहे. क्लॉडिया सेव्हेरा नावाची एका अधिकाऱ्याची बायको दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, वाढदिवसाचं बोलावणं पाठवते. अकरा सप्टेंबर. तू आलीस तर माझा दिवस आनंदाचा होईल, माझा नवरा आणि माझा छोटा मुलगा तुला नमस्कार सांगतात. एवढा मजकूर लेखनिकाच्या सराईत, वळणदार हातातला आहे. मग उजवीकडे खाली, उरलेल्या जागेत, वेगळं अक्षर सुरू होतं. अवघडलेलं, तुटक, सराव नसलेल्या हाताचं. ते तिचं स्वतःचं. बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं जे लॅटिन आपल्यापर्यंत पोचलं, त्यातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी हे.

मी ते ब्रिटिश म्युझियममध्ये एकदाच पाहिलं आहे. काचेमागे, मंद प्रकाशात, तपकिरी लाकडावर जेमतेम दिसणाऱ्या रेघा. माझी आई चौथी शिकलेली. माझ्या वसतिगृहाच्या पत्त्यावर येणारी घरची पत्रं वडील लिहायचे, आणि खाली दोन ओळींची जागा सोडायचे. तिथे तिचं अक्षर असायचं, ओळ सोडून वर चढत जाणारं.

सेव्हेराने त्या जागेत लिहिलं आहे: तुझी वाट बघीन, बहिणी. सुखी राहा, बहिणी, माझ्या जिवाच्या जिवलगे.